निवेदनवाले भाऊ

पोहरादेवीला एसटीतून उतरलेल्या नवख्या माणसाला फारसं शोधावं लागत नाही. जगदंबेचं देऊळ कोणीही दाखवतं, सेवालाल महाराजांच्या समाधीकडं माणसांची रीघ असते, आणि नंगाऱ्याच्या आकाराची ती नवी इमारत तर लांबूनच दिसते. या सगळ्याच्या मधे कुठल्यातरी चहाच्या टपरीवर भाऊ बसलेले असतात. देवाकडं आपल्याला चालत जावं लागतं. भाऊ स्वतः उठून आपल्याकडं येतात.

भाऊंचं नाव सांगत नाही, कारण भाऊ एक नाहीत. ते मानोऱ्यात आहेत, दिग्रसला आहेत, कारंज्याला आहेत, मंगरूळपीरलाही आहेत. हायस्कूलला मान्यता देताना सरकार इमारत, मैदान आणि पाण्याची सोय बघतं, तसं ‘गावात एक भाऊ आहेत काय’ हेही बघत असावं. मग शाळा जिल्हा परिषदेची असो की संस्थेची. पण पोहरादेवीच्या भाऊंची एक चैन आहे, जी बाकीच्यांना नाही. इतर गावांत ऐकणारी माणसं तीच ती. चार-सहा महिन्यांत ती कंटाळतात आणि भाऊ दिसले की गल्ली बदलतात. पोहरादेवी पडली बंजारा समाजाची काशी. तेलंगणातून, कर्नाटकातून, आंध्रातून बारा महिने माणसं येतात, रामनवमीच्या यात्रेला तर विचारूच नका. आदिलाबादहून नवस फेडायला आलेला एखादा म्हातारा चहा प्यायला टेकतो, आणि उठतो तेव्हा इथल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी मागच्या महिन्यात किती किरकोळ रजा घेतल्या हे त्याला तोंडपाठ झालेलं असतं.

“शाळेले नेतृत्व नाई राह्यलं, बावा,” भाऊ सुरू करतात. म्हातारा मान डोलावतो. त्याला मराठी अर्धीच कळते. पण भाऊंचा सूर असा असतो की कोणीतरी गेलं असावं असं वाटून तो हात जोडतो.

वय पन्नाशीच्या आतबाहेर. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन. एक निळं आणि एक हिरवं. हिरव्या शाईनं सही करायचा अधिकार भाऊंना कोणी दिलेला नाही, पण वेळ सांगून येत नाही. काखेत पारदर्शक प्लास्टिकची फाईल. घर पेटलं तर भाऊ आधी काय बाहेर काढतील, याबद्दल वहिनींना काही शंका नाही. फाईलमधे निवेदनं आहेत, आणि निवेदनांहून मोलाच्या पोची आहेत. गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख, आणि बाबूची न वाचता केलेली सही. भाऊंच्या लेखी पोच मिळाली म्हणजे अर्धा न्याय मिळाला. उरलेला अर्धा मागायला ते फारसे जात नाहीत, कारण तोवर पुढचं निवेदन तयार झालेलं असतं.

मुख्याध्यापक कसा असावा, याबद्दल भाऊंच्या डोक्यात एक पक्कं चित्र आहे, आणि ते चुकीचं आहे असं मला अजिबात वाटत नाही. “तांड्याले नायक असते,” ते म्हणतात. “नायक, कारभारी, आसामी. लमाणाचे बैल मीठ आन् धान्य घेऊन निंघाले का पुढं कोन? नायक! आता आमचा नायक पाहा. टेबलाच्या मांगं बसून टाचण्या मोजून राह्यला.” हे ऐकताना आपणही हलतो. शेकडो बैलांचा तो तांडा, जंगलातली वाट, पुढं चालणारा नायक. फक्त त्या नायकाला यू-डायस भरावं लागत नव्हतं, शालार्थवर पगारबिलं चढवावी लागत नव्हती आणि प्रत्येक बैलाचं आधार कार्ड वैध आहे की नाही हे तपासावं लागत नव्हतं, एवढं सोडून उपमा चपखल आहे.

भाऊंनी आजवर अनेक मुख्याध्यापक पाहिले, आणि एकही त्यांच्या निवेदनातून सुटला नाही. एक होते कडक. साडेदहाच्या ठोक्याला फाटक बंद. उशिरा आलेली पोट्टी बाहेर, आणि उशिरा आलेले मास्तरही बाहेर. भाऊंचं निवेदन गेलं: शाळेत हुकूमशाही सुरू आहे. ते बदलून गेले. त्यांच्या जागी आले ते मवाळ. फाटक दिवसभर उघडं, वर्गात पोरं, व्हरांड्यात बकऱ्या. निवेदन गेलं: शाळेची धर्मशाळा झाली आहे. तिसरे पुसदहून अपडाऊन करायचे. त्यांच्या गाडीचा नंबर, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ यांचा तक्ता भाऊंनी वहीत ठेवला होता. इतकी चोख हजेरी त्या शाळेत दुसऱ्या कोणाचीच ठेवली गेली नसेल. मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडे उचलतात, असं निवेदन गेलं. चौथे बिचारे गावातच खोली करून राहिले. “चोवीस घंटे गावात राह्यते,” भाऊंनी टपरीवर आवाज खाली आणून सांगितलं, “नक्की कायतरी राजकारन हाये.”

एका निवेदनात तर ‘मुख्याध्यापक शासकीय खिचडी खातात’ असा आरोप होता. शालेय पोषण आहाराची खिचडी वाटण्याआधी शाळेतल्या जबाबदार माणसानं चव घ्यायची आणि नोंदवहीत तसं लिहायचं, हा सरकारचाच नियम. भाऊंना तो दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि निवेदनात दुरुस्ती केली: ‘प्रमाणापेक्षा जास्त चव घेतात.’

भाऊ अडाणी आहेत असं मात्र कोणी समजू नये. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली यांच्या झेरॉक्स त्यांच्या फाईलमधे आहेत, कोपरे दुमडून दुमडून मऊ झालेल्या. सेवाज्येष्ठता यादी, अनुसूची ‘फ’, मुख्याध्यापकाला पदवी आणि बीएड लागतं, शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव लागतो, हे ते झोपेतही सांगतील. माहितीचा अधिकार आला २००५ साली. तेव्हापासून दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर भाऊंनी जेवढं प्रेम केलं तेवढं कोणी नोटेवर केलं नसेल. नंतर राज्य सरकारनं नियम केला की अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. भाऊंना तो घाव अजून भरून आलेला नाही. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस सविनय सादर करण्यात येते की’ इथपर्यंत येतानाच त्यांचा श्वास फुलतो, आणि प्रतिलिपींची यादी सुरू झाली की दीडशे शब्द कुठल्याकुठं जातात. गटशिक्षणाधिकारी मानोरा, शिक्षणाधिकारी (माध्यमिक) वाशीम, शिक्षण उपसंचालक अमरावती, शिक्षण आयुक्त पुणे, पालकमंत्री, जिल्हाधिकारी, ठाणेदार. सगळ्यांत खाली ‘मुख्याध्यापक, माहितीस्तव’. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच प्रत देण्याची ही सभ्यता फक्त आपल्याकडं सापडते.

थोर माणसांचे दाखले भाऊ सढळ हातानं देतात. शाळेच्या नेतृत्वावरून झालेलं भांडण म्हटलं की त्यांना एकदम टिळक आठवतात. “लोकमान्यानंबी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा देल्ला होता, १८९० मधे! काहून? तत्त्वासाठी!” गोष्ट खरी आहे. आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई घ्यावी की नाही, पगार कसे असावेत, संस्था कोणी आणि कशी चालवावी, यावरून ती माणसं वर्षानुवर्षं भांडली, आणि ज्या मंडळींनी दहा वर्षांपूर्वी न्यू इंग्लिश स्कूल उभं केलं होतं त्यांच्यातून टिळक बाहेर पडले. भाऊ ही हकिगत सांगतात तेव्हा टिळकांच्या जागी कोण उभा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या भांडणाचा एक तपशील ते गाळतात. भांडण चालू असताना टिळक गणित शिकवत होते.

गणिताचा विषय निघालाच आहे तर पालकसभेबद्दल सांगून टाकतो.

शिक्षणहक्काच्या कायद्यानं आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात बारा आणे पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. वरच्या वर्गांना पालक-शिक्षक संघ. कागदावर इतकी लोकशाही ग्रामपंचायतीतही नसेल. अशी एक सभा मी बघितली आहे. अजेंड्यावर पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, दुसरा शाळेच्या नेतृत्वाबाबत चर्चा करणे. भाऊ पाऊण तास बोलले. मधे एकदा पाणी प्यायले तेव्हा लोकांना वाटलं संपलं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्यांमुळे त्यांना हुरूप आला. शेवटी मागच्या सतरंजीवरून एक बाई उभी राहिली. दिवाळीनंतर तांड्यावरची बरीच माणसं ऊसतोडीला नाहीतर पुण्या-मुंबईकडं कामाला जातात, त्यांतली ती. डोक्यावरचा पदर सावरत तिनं विचारलं, “माह्या पोरीचं यंदा धाव्वीचं वर्स हाये. गनित शिकवाले कोन येनार हाये?”

सभेत क्षणभर अवघडल्यासारखं झालं. भाऊ समजावणीच्या सुरात म्हणाले, “मावशी, तुमचा मुद्दा बरोबर हाये. पन आदी नेतृत्वाचा विषय संपू द्या.” इतिवृत्तात तिचा प्रश्न ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात गेला, आणि ऐन वेळ आली तेव्हा चहा आला.

आता त्या खुर्चीबद्दल. भाऊंचं अर्धं आयुष्य ज्या खुर्चीत कोण बसावं या विवंचनेत गेलं, त्या खुर्चीत बसायला शाळेत कोणीच तयार नाही, ही गोष्ट त्यांना कशी समजावायची हा मोठाच प्रश्न आहे. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि पद रिकामं राहिलं. मग ‘प्रभारी’. पहिल्या ज्येष्ठ मास्तरांनी रक्तदाबाचं प्रमाणपत्र आणलं. दुसऱ्यांनी लेखी नकार दिला. तिसरे त्या दिवशी नेमके रजेवर होते, म्हणून त्यांच्या गळ्यात प्रभार पडला. शिक्का जुनाच, ‘मुख्याध्यापक’. त्याच्या आधी पेनानं ‘प्र.’ घालायचं. पगार तोच, तास तेच, वर टपाल, खिचडी, बोर्डाचे फॉर्म, निवडणुकीची कामं आणि भाऊ. एकदा या प्रभारी सरांनी भाऊंचं निवेदन शेवटपर्यंत वाचलं आणि हात धरून म्हणाले, “भाऊ, यात माझ्या तात्काळ बदलीची मागणी आहे. ती जरा लावून धरा.” त्या दिवशी भाऊंचा चहा अर्धा राहिला.

आंदोलनाचंही सांगायला हवं. ‘अन्यथा शाळेला कुलूप ठोकण्यात येईल’ हे भाऊंच्या प्रत्येक निवेदनाचं शेवटचं वाक्य. लिहिता लिहिता एकदा खरंच ठोकायची वेळ आली, कारण मानोऱ्याहून वार्ताहर फोटो काढायला आला होता. भाऊंनी नवंकोरं कुलूप आणलं, फाटकाला लावलं, फोटो निघाला. फोटोत आंदोलक सात, त्यांतले तीन दर्शनाला आलेले भाविक. तासाभरानं विस्तार अधिकारी आले, चर्चा झाली, लेखी आश्वासन मिळालं, कुलूप निघालं. भाऊ ते पिशवीत टाकून निघणार तोच शिपाई मागून धावत आला: “भाऊ, कुलूप राहू द्या ना. प्रयोगशाळेले नाई हाये.” ते कुलूप आजही प्रयोगशाळेला आहे. शाळेला वस्तुरूपानं देणगी दिल्याबद्दल भाऊंचं नाव फळ्यावर लागलं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान पोहरादेवीला आले, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. चार मजले, तेरा दालनं, समाजाचा सगळा प्रवास मांडलेला. गावानं असा दिवस पाहिला नव्हता. भाऊंनीही रात्र जागवली. पण सजावटीत नाही. ‘मा. पंतप्रधान महोदय, विषय: हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या मनमानी कारभाराबाबत.’ पोलिसांनी फाईल आत नेऊ दिली नाही. भाऊ फाईल सोडून आत जायला तयार होईनात, तेव्हा ते बाहेरच राहिले. त्याच दिवशी पीएम-किसानचा अठरावा हप्ता खात्यात जमा झाल्याचा संदेश त्यांच्या मोबाइलवर आला. त्यामुळे दिल्लीशी त्यांचं फार बिघडलं नाही.

खरा हंगाम आला २०२५ च्या एप्रिलमधे. नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं. शिक्षण उपसंचालकाला अटक झाली. जो कधी शिक्षकच नव्हता तो थेट मुख्याध्यापक झाल्याचा आरोप रोज छापून येऊ लागला. आपला विभाग अमरावतीचा, पण भाऊंनी हद्द मानली नाही. सगळ्या शिक्षकांचे नेमणूक आदेश, मान्यता, आयडी, सगळं मागवलं. महिनाभरानं गठ्ठा आला. भाऊंनी तीन दिवस एकेक कागद उन्हाला धरून पाहिला. सगळे अस्सल निघाले. टपरीवर त्या संध्याकाळी त्यांच्याकडं बघवत नव्हतं. “एकबी बोगस नाई,” ते म्हणाले, “काय शाळा हाये!”

आणि तरीही, भाऊंची टिंगल करताना माझा हात थोडा अडतो. मुलींच्या संडासाला कडी नव्हती. मास्तरांना माहीत होतं, समितीला माहीत होतं, बापांना तर कोणी सांगितलंच नव्हतं. पोरी दुपारनंतर घरी निघून जायच्या. ही गोष्ट निवेदनात लिहिणारा गावातला पहिला पुरुष भाऊ. आठ दिवसांत कडी लागली. सूचनाफलक वाचणारा गावात तो एकच माणूस आहे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख तांड्यावर त्यांच्यामुळेच कळते. खोट्या तक्रारी करणारे आणि काहीच न करणारे यांत निवड करायची झाली तर मी भाऊंच्या बाजूला बसेन. फक्त पाऊण तास बसणार नाही.

शिवाय मन मोठं. ते मवाळ मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात सर्वांत लांब भाषण भाऊंचंच झालं. शाल, श्रीफळ, आणि डोळ्याला रुमाल. “असा मुख्याध्यापक पुन्हा होने नाई,” ते हुंदका आवरत म्हणाले. सत्कारमूर्तींनी शेजारी बसलेल्या लिपिकाला हळूच विचारलं, “हे माझ्याबद्दल बोलून राह्यले का?”

एक गोष्ट राहिली. भाऊंचा धाकटा आठवीत आहे. सकाळी घरासमोर पिवळी गाडी येते आणि तो टाय लावून दिग्रसच्या कॉन्व्हेंटला जातो. भाऊंच्या पुतण्याचंही तसंच. टपरीवाल्याचंही, भाऊंचं ऐकून ऐकून. प्रभारी सरांनी एकदा धीर करून विचारलं, “भाऊ, आपल्या शाळेत काहून नाई घातलं?”

“कसं घालू, सर?” भाऊ खरोखर व्यथित होऊन म्हणाले. “इथं कायमचा मुख्याध्यापक नाई ना!”

प्रभारी सरांनी टेबलाचा खण उघडून १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय काढला आणि बोट ठेवलं. मुख्याध्यापकाचं पद हवं तर दीडशेचा पट हवा. पट खाली गेला की पद धोक्यात, पद गेलं की कायमचा माणूस नाही, कायमचा माणूस नाही म्हणून गाव पोरं दिग्रसला धाडतं, आणि पोरं गेली की पट आणखी खाली. भाऊंनी तो निर्णय वाचला, नंबर लिहून घेतला, झेरॉक्स मागितली. दुसऱ्या दिवशी त्यांचं निवेदन तयार होतं: ‘विषय: पट टिकवण्यात मुख्याध्यापक अपयशी ठरल्याबाबत.’

तेव्हा पोहरादेवीच्या आणि तुमच्या गावच्या भाऊंना हात जोडून एवढीच विनंती आहे. निवेदन जरूर द्या, पण १ ऑक्टोबरला द्या. पदं ठरतात ती ३० सप्टेंबरच्या पटावर. त्याआधी धाकट्याचं नाव गावच्या शाळेत घाला.